थायलंडच्या जावयाला कानमंत्र

थाई मुलीशी लग्न करून थायलंडमध्येच संसार थाटलेली मराठी मुलं अधूनमधून भेटायला येतात. कुणी बँकॉकमध्ये आयटीत असतो, कुणी सीलोमच्या हिरेबाजारात, कुणी हॉटेलच्या धंद्यात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "काका, लग्न झालं. आता राहायचा प्रश्न मिटला ना?"

मिटला नाही, बाळा. लग्नानं तू त्या घरचा जावई झालास, पण सरकारदरबारी तू अजून परदेशी माणूसच आहेस. १९७९ चा इमिग्रेशन कायदा तुला तसाच धरतो. लग्नामुळे काही वाटा मोकळ्या होतात हे खरं, पण प्रत्येक वाटेचा कागद वेगळा. लग्नाचा वेगळा, राहण्याचा वेगळा, बाहेर जाऊन परत येण्याचा वेगळा, कामाचा वेगळा आणि जमिनीचा तर फारच वेगळा. एका कागदावर दुसरं काम निभेल असं गृहीत धरणारा इथे अडकतो. इतकी वर्षं या देशात काढून जे ध्यानात आलं, ते तुझ्या कानावर घालतो.

मांडव कुठेही घाल, नोंद अम्फेत कर

तिच्या गावी भिक्खूंचे आशीर्वाद घेतले, मनगटाला पांढरे दोरे बांधले, सासऱ्यांना सिनसॉद, म्हणजे वधूमूल्य, दिलं, सगळा गाव जेवला. फार देखणा सोहळा असतो तो. पण अम्फेत, म्हणजे तिथल्या तालुका कचेरीत, नोंद झाल्याशिवाय कायद्याच्या लेखी ते लग्न नाही. बँकॉकमध्ये याच कचेरीला खेत म्हणतात.

नोंदणीसाठी तू लग्नाला मोकळा आहेस असं आपल्या वकिलातीचं पत्र लागतं. भारतीय वकिलात बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर सॉय २३, म्हणजे २३ क्रमांकाच्या गल्लीत, आहे. त्या पत्राचं थाई भाषांतर करून थाई परराष्ट्र खात्याच्या चेंग वत्थाना रस्त्यावरच्या कॉन्सुलर विभागाचा शिक्का घ्यायचा, मग अम्फे गाठायचं. नोंद झाली की दोन कागद हाती येतात: खॉ रॉ ३ हा दाखला आणि खॉ रॉ २ हा नोंदवहीचा उतारा. लग्न नाशिकला किंवा पुण्याला नोंदलं असेल, तर त्याची खबर अम्फेला देऊन खॉ रॉ २२ करून घे.

दोघांच्या मिळकतीबद्दल लग्नाआधी काही करार करायचा असेल, तर तो लग्नाच्या नोंदणीच्या वेळीच नोंदवावा लागतो. मागाहून तो नोंदवता येत नाही. नाजूक विषय आहे म्हणून टाळू नकोस, आधी शांतपणे बोलून घे.

आणखी एक. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांनाही कायदेशीर लग्नाचा हक्क आहे. अशा घरात आलेल्या आपल्या मुलामुलींनीही हा कानमंत्र आपलाच समजावा.

नाव एकदाच ठरव, नीट ठरव

आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं, मग आडनाव. थाई कारकुनाला हे तीन तुकडे अनोळखी असतात. त्यात आपले झ, भ, घ थाई उच्चारात जसेच्या तसे उतरत नाहीत. पहिला भाषांतरकार जे लिहील तेच पुढे लग्नाच्या दाखल्यावर, बँकेत, मुलाच्या जन्मनोंदीत उतरत जातं. म्हणून पहिल्या भाषांतरावर शिक्का बसण्याआधी बायकोला ते मोठ्यानं वाचायला सांग. ठरलेलं थाई नाव एका कार्डावर लिहून पाकिटात ठेव आणि प्रत्येक खिडकीवर तेच दे. तारखांकडेही लक्ष असू दे: थाई कागदावरच्या सालातून ५४३ वजा केले की आपलं इसवी साल मिळतं.

चार लाख आधी मुरू दे

पहिली पायरी म्हणजे नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा. भारतातून येणार असशील तर जानेवारी २०२५ पासून तो ऑनलाइन ई-व्हिसा म्हणून मागायचा असतो. त्यावर ९० दिवस मिळतात. त्या मुदतीत एक वर्षाच्या वास्तव्यवाढीचा अर्ज करायचा, टीएम ७ हा फॉर्म भरून. फी १,९०० बाट.

इथली मुख्य अट पैशाची. तुझ्या एकट्याच्या नावावर थाई बँकेत चार लाख बाट, तेही अर्जाआधी दोन महिने सलग. नाहीतर महिना चाळीस हजार बाटचं उत्पन्न. बायकोबरोबरचं जॉइंट खातं इथे चालत नाही. ही अट परदेशी नवऱ्यासाठी आहे. थाई माणसाशी लग्न केलेल्या आपल्या मुलींना ती लागू होत नाही, त्यांनी उगाच धसका घेऊ नये.

तुला माझा सल्ला एवढाच की या पैशासाठी वेगळं खातं उघड. पगार, घरभाडं, बाजारहाट यांतलं काहीच त्यातून होऊ देऊ नकोस. शिल्लक एक दिवस जरी चार लाखांखाली गेली, तरी दोन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जा, खात्यात शंभर बाट भर, म्हणजे पासबुकात त्या दिवसाची ओळ उमटेल. तिथूनच बँकेचं पत्र घे आणि सरळ इमिग्रेशनला जा. आदल्या दिवसाचं पत्र बऱ्याच ठिकाणी परत करतात.

फाइल दोघांनी मिळून लावा

बायकोचं ओळखपत्र, तिचं थाबियन बान म्हणजे निळं घरपुस्तक, खॉ रॉ ३, आणि खॉ रॉ २ ची ताजी प्रत. ताजी अशासाठी की लग्न अजून टिकून आहे हे त्यावरून कळतं. ती अम्फेत सहज मिळते. शिवाय घराचा हातानं काढलेला नकाशा आणि दोघांचे फोटो: घराबाहेर नंबरपाटी दिसेल असा एक, बैठकीत एक, आतल्या खोलीत एक. तुझ्या प्रतींवर तू सही कर, तिच्या प्रतींवर तिला करू दे. सही निळ्या शाईची असावी, म्हणजे ती झेरॉक्स वाटत नाही.

अर्ज दिल्यावर लगेच वर्ष मिळत नाही. आधी 'विचाराधीन' असा महिन्याभराचा शिक्का बसतो. या काळात अधिकारी घरी येऊ शकतात, शेजाऱ्यांना विचारू शकतात. गावाकडे असाल तर फूयाय बानला, म्हणजे गावप्रमुखाला, आधीच भेटून ओळख करून घे. घरी आलेल्यांना पाणी दे, मोकळेपणानं बोल, घर जसं आहे तसं दिसू दे. खऱ्या संसाराला लपवण्यासारखं काही नसतं.

कितीतरी मुलं हे सगळं बायकोवर सोडून देतात, कारण थाई तिला येतं. असं करू नकोस. दिवसभराची नोकरी करून वर नवऱ्याचे कागद एकटीनं ओढायचे, हे ओझं वर्षागणिक संसारात कडवटपणा आणतं. कुठला कागद कशासाठी लागतो हे तुला पाठ पाहिजे. तिनं फक्त बोलण्यापुरतं पुढे व्हावं.

दर इमिग्रेशन ऑफिसची कागदांची यादी थोडी निराळी असते आणि ती बदलतेही. चियांगमाईतल्या मित्राची यादी बँकॉकच्या चेंग वत्थाना इमिग्रेशन ऑफिसात चालेलच असं नाही. आधी एक फेरी मारून तुझ्याच ऑफिसची छापील यादी आण. घराच्या दोन रस्त्यांपलीकडे कोण काय म्हणालं, त्यावर विसंबू नकोस.

तारखा भिंतीवर लाव

पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख ही तुझी मुदत. व्हिसाच्या कागदावरची तारीख वेगळी, तिच्यावर जाऊ नकोस. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. पण खरी शिक्षा दंडाची नाही. मुदतीनंतर ९० दिवसांहून जास्त राहून स्वतःहून निघालास तरी वर्षभर प्रवेशबंदी लागते. आणि पोलिसांना सापडलास, तर वर्षाहून कमी उल्लंघनालाही पाच वर्षांची बंदी. घरात तान्हं मूल असलं तरी ती टळत नाही.

दर ९० दिवसांनी पत्त्याची हजेरी द्यायची, टीएम ४७ वर. ठरल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ती देता येते. चुकलं तर २,००० बाट. ही हजेरी म्हणजे मुदतवाढ नव्हे, एवढं पक्कं लक्षात ठेव. आणि तू ज्या घरात राहायला येशील त्या घराच्या मालकानं २४ तासांत टीएम ३० ची खबर द्यायची असते. घर सासूबाईंच्या नावावर असेल तर ते काम सासूबाईंचं. त्यांना हे माहीत नसतं. तूच नम्रपणे सांग आणि सोबत जा. ती पावती जपून ठेव, पुढच्या प्रत्येक अर्जाला लागते.

पासपोर्टची मुदतही बघत जा. पासपोर्ट आठ महिन्यांनी संपणार असेल तर मुदतवाढही तेवढीच मिळते. वास्तव्यवाढीच्या आधीच नवा पासपोर्ट काढ आणि जुने शिक्के नव्यावर चढवून घे. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्ट्या एप्रिलच्या मध्याला येतात, तेव्हा कचेऱ्या बंद असतात. एप्रिलमध्ये मुदत संपत असेल तर मार्चमध्येच हालचाल कर.

गावी जाण्याआधी परतीचा शिक्का

आईची तब्येत बिघडल्याचा फोन येतो आणि माणूस हातातलं टाकून विमानतळ गाठतो. अशा घाईतच री-एंट्री परमिट राहून जातं. ते न घेता देशाबाहेर पडलास की वर्षभराची वास्तव्यवाढ त्याच क्षणी रद्द होते आणि सगळं पुन्हा नॉन-इमिग्रंट ओ व्हिसापासून सुरू करावं लागतं. एकदाचं परमिट १,००० बाट, कितीही वेळा जा-ये करायचं ३,८००. ज्याचे आईवडील गावी आहेत त्यानं वास्तव्यवाढ मिळाल्या दिवशीच ३,८०० चं घेऊन टाकावं. अगदीच राहिलं तर सुवर्णभूमी विमानतळावर खिडकी आहे, पण त्या भरवशावर राहू नकोस. परतताना थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं असतं, येण्याच्या आधी तीन दिवसांत. मे २०२५ पासून ते सगळ्याच परदेशी लोकांना लागू आहे.

बायकोच्या दुकानातही परवाना लागतो

लग्नाच्या आधारावर राहणाऱ्याला काम करता येतं, ही मोठी सवलत आहे. निवृत्तीच्या आधारावर राहणाऱ्याला ती नाही. पण त्यासाठी वर्क परमिट वेगळं. तिच्या खानावळीत गल्ल्यावर बसणं, पोळ्या लाटणं, गिऱ्हाइकाची ऑर्डर घेणं हेही कामच धरलं जातं, पगार घेतला नाही तरी. विनापरवाना काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड होतो आणि देशाबाहेर काढतात. टूर गाइड, केस कापणं, थाई मसाज ही कामं थाई लोकांसाठी राखीव आहेत, तिथे परवानाही मिळत नाही. एरवी कंपनीला प्रत्येक परदेशी माणसामागे २० लाख बाट भांडवल दाखवावं लागतं. थाई व्यक्तीशी लग्न झालेल्यासाठी ते १० लाखांवर येतं. नोकरी देणाऱ्याला हे आवर्जून सांग.

जमीन तिची, हे मनापासून मान्य कर

परदेशी माणसाच्या नावावर इथे जमीन होत नाही. तिच्या नावावर घेताना लँड ऑफिसात तुम्हा दोघांना सही करून सांगावं लागतं की हा पैसा तिचा स्वतःचा आहे. सही केलीस की तुझा त्यावर दावा उरत नाही. म्हणून आयुष्याची सगळी पुंजी एका प्लॉटमध्ये घालू नकोस. जेवढं प्रेमानं देऊन विसरता येईल, तेवढंच घाल. स्वतःच्या नावावर काही हवंच असेल तर कॉन्डोमिनियम आहे. इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. थाई मित्रांच्या नावानं कंपनी काढून जमीन घेण्याचा मार्ग सुचवणारे भेटतील. तो गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नकोस.

अवघड दिवसांचं आज बोला

तुझं वास्तव्य लग्नावर उभं आहे. घटस्फोट झाला किंवा ती आधी गेली, तर तो आधार संपतो. मूल असेल तर थाई मुलाचा पालक म्हणून राहता येतं, पण त्याचे कागद वेगळे. वय ५० च्या पुढे असेल तर निवृत्तीचा आधार, त्याला आठ लाख बाट. तिच्या मागे जमीन वारसानं तुझ्याकडे आली, तरी ती वर्षाच्या आत विकावी लागते. म्हणून दोघांनी थाई भाषेत मृत्युपत्र करून ठेवा आणि घरात राहण्याचा तुझा हक्क लँड ऑफिसात नोंदवता येतो का, ते वकिलाला विचार. नवराबायकोतला असा करार लग्न चालू असताना मोडता येतो, हेही त्याच वेळी समजून घे.

तिच्या कागदांचीही तेवढीच काळजी घे

तू इथे परदेशी, तशी ती तुझ्या गावी परदेशी. लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं झाली आणि संसार चालू असला, की भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून तिला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्डासाठी अर्ज करता येतो. ती दोन वर्षं भरली की लगेच अर्ज कर. मूल इथे जन्मलं तर ते आईकडून थाई नागरिक असतंच. पुढे थाई पासपोर्ट की भारतीय, हे दोघांनी मिळून ठरवा. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय नागरिकत्व ठेवायचं तर जन्म वर्षाच्या आत वकिलातीत नोंदवावा लागतो; थाई ठेवलंत तर त्याच्यासाठीही ओसीआय मागता येतं.

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी की सासरी आजारपण आलं, गावी म्हाताऱ्या माणसाला आधार लागला, किंवा नोकरी सुटली, तर तुम्हा दोघांना दोन्ही देशांत एकत्र राहता आलं पाहिजे. कागद वेळेवर केलेलं जोडपं अशा वेळी तिकीट काढून निघतं. राहून गेलेले कागद नवराबायकोला दोन देशांत महिनोन्महिने वेगळे ठेवतात. म्हणून या आठवड्यातच दोघं बसा, वर सांगितलेल्या प्रत्येक कागदापुढे त्याची तारीख लिहा आणि सगळ्यांत जवळच्या तारखेपासून कामाला लागा.