महाड-पोलादपुरात तंबूची रात्र: जागा, परवानगी आणि पाण्याचा हिशेब

होळी झाली की महाडच्या खोऱ्यातली हवा पालटते. सावित्रीचं पात्र आटू लागतं, काळा कातळ दुपारी हात लावू देत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत परीक्षा संपून सुट्ट्या लागतात. मुंबई-पुण्याच्या गाड्या टपावर तंबू बांधून रायगडाच्या दिशेनं निघतात. तंबू कुठे ठोकता येतो, कुठे येत नाही आणि माणशी किती पैसे काढून ठेवावेत, हे तीन प्रश्न मला दरवर्षी विचारले जातात. चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. प्यायचं पाणी कोण आणून देणार? माझ्या मते खरा खर्च तिथेच आहे.

आधी रायगडाविषयी, कारण सगळ्यांना मुक्काम तिथेच हवा असतो. किल्ले रायगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेला आहे. अशा स्मारकांना १९५९चे नियम लागू होतात. नेमून दिलेली जागा सोडून स्मारकाच्या हद्दीत अन्न शिजवता येत नाही, खाताही येत नाही. प्रवेश दिवसाउजेडीच असतो. म्हणजे होळीच्या माळावर किंवा बाजारपेठेच्या जोत्यांवर तंबू ठोकून स्टोव्ह पेटवायचा बेत असेल, तर तो घरीच सोडून द्या. जोत्याचा दगड उचलून चूल मांडणं किंवा भिंतीवर नाव कोरणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे. २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गडावर राहायचंच असेल, तर आधी आरक्षण करून मिळेल ती छपराखालची सोय घ्यावी. तंबू मात्र पायथ्याशीच.

६ जूनला आणि तिथीनं ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक सोहळ्यासाठी लाखांनी लोक येतात. त्या दिवसांची व्यवस्था प्रशासन वेगळी लावतं, वाहनं अलीकडेच थांबवली जातात. सोहळ्याला जरूर जा, पण तंबूची शांत रात्र हवी असेल तर ते दोन-तीन दिवस टाळलेले बरे.

गड पाहण्याचा खर्च तसा थोडा आहे. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना २५ रुपये, परदेशी नागरिकांना ३०० आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. परदेशातून आलेल्या नातेवाइकांकडे ओसीआय कार्ड असेल तर ते खिशात ठेवायला सांगा, भारतीयांच्या दरात काम होतं. हिरकणीवाडीहून १९९६पासून रोपवे आहे. चार-पाच मिनिटांत वर पोचवतो. जाऊन-येऊन माणशी साडेतीनशे-चारशे रुपये हिशेबात धरा. पायऱ्यांनी गेलात तर हे पैसे वाचतात, पण मार्चनंतर सकाळी सहाला चढायला लागा. नऊनंतर त्या दीड हजाराच्या आसपास पायऱ्या लहान मुलांना आणि साठीच्या पुढच्या माणसांना झेपत नाहीत. त्यांच्यासाठी रोपवेचे पैसे वाचवू नयेत.

आता तंबूच्या जागांकडे वळू. पाचाड, हिरकणीवाडी आणि आसपासच्या वाड्यांत घरगुती राहण्याची सोय असते. घराचं अंगण, भात झोडून मोकळं झालेलं खळं, आंब्याखालची सपाट जागा, यांवर तंबू लावू देणारी घरं आहेत. पोलादपूर तालुक्यात ढवळे हे चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव. बहिरीच्या घुमटीवरून महाबळेश्वरच्या आर्थर सीटला चढणारी जुनी वाट इथूनच निघते. महाड तालुक्यात पिंपळवाडी-दुधाणेवाडीच्या डोक्यावर मंगळगड, म्हणजेच कांगोरीचा किल्ला आहे. या दोन्ही बाजूंना बाजारी तंबूनगऱ्या नाहीत. आहेत ती माणसं आणि त्यांची घरं. म्हणूनच मला त्या जागा अधिक आवडतात.

परवानगी कुणाची घ्यायची, हे जमीन कुणाची यावर ठरतं. खासगी अंगण किंवा शेत असेल तर मालकाचा होकार पुरतो. तरी पोलीस पाटलांना भेटून नावं, गाडीचा नंबर आणि दुसऱ्या दिवशीची वाट सांगून ठेवावी. त्याला पैसे पडत नाहीत, आणि वाट चुकलात तर शोध त्याच माहितीवरून सुरू होतो. देवळाच्या आवारात राहायचं तर गावकीला विचारावं. तिथे मांस-मद्य चालणार नाही, हे कुणी सांगायची वाट पाहू नये. चंद्रगड आणि मंगळगडाभोवतीचं रान बरंचसं वनखात्याचं आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि विस्तव करणं या दोन्हींवर १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार कारवाई होते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरला जातो. या चार महिन्यांत वाळलेलं गवत गुडघाभर उभं असतं आणि एका ठिणगीत अख्खी धार पेटते. शेकोटीशिवाय तंबूची मजा नाही असं वाटणाऱ्यांनी डिसेंबरात यावं आणि ती यजमानांच्या अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून करावी. रात्री दहानंतर स्पीकर बंद. हा कायदाही आहे, आणि वाडीतल्या माणसाला पहाटे कामाला उठायचं असतं.

एखादी संस्था गट घेऊन जात असेल, तर पैसे भरण्याआधी एक विचारा: राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली तुमची नोंदणी आहे का? प्रथमोपचार येणारा माणूस सोबत असतो का, हेही विचारा. उत्तर देताना जो चाचरतो, त्याच्यासोबत मुलांना पाठवू नये.

आता चार जणांचा, एका रात्रीचा हिशेब मांडतो. मुंबईहून महाड पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे. जाणं-येणं आणि तिथलं फिरणं मिळून चारशे किलोमीटर धरले, तर पेट्रोल २,८०० रुपयांच्या घरात, माणशी ७००. दोन तंबू प्रत्येकी ३५० भाड्यानं, चार झोपायच्या पिशव्या १२०प्रमाणे आणि चार चटया ४०प्रमाणे, एकूण १,३४०. म्हणजे माणशी ३३५. अंगणाचे आणि संडास-बाथरूमचे माणशी १५०. रात्री तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, भात आणि ताक असं जेवण १८०, सकाळी पोहे-चहा ६०, दुपारचं साधं जेवण १५०. म्हणजे ३९०. कोंबडी सांगितलीत तर शंभर-सव्वाशे वर. चंद्रगड किंवा मंगळगडासाठी गावातला वाटाड्या दिवसाचे हजार रुपये, माणशी २५०. पाण्याचे दोन मोठे जार महाडहून नेले तर शंभरभर रुपये, माणशी २५. बेरीज १,८५० येते. दर हंगामाप्रमाणे आणि जागेप्रमाणे हलतील, पण हे माप हाताशी असलं की कुणी फार वाढीव आकडा सांगितला तर लगेच कळतं.

याच हिशेबातून एक गोष्ट दिसते. तंबूचं भाडं आणि अंगणाचे पैसे मिळून माणशी ४८५ होतात. त्याच घरात चौघांना मिळून खोली दीड हजाराला मिळाली, तर माणशी ३७५च पडतात. म्हणजे स्वस्त म्हणून तंबू निवडू नये. चांदण्यांखाली झोपायचं आहे म्हणून निवडावा. दोन माणसांचा साधा तंबू साडेतीन हजारांना घेतला, तर दहा रात्रींत त्याचे पैसे वसूल होतात. वर्षातून एकदाच जाणाऱ्यानं विकत घेऊ नये. उन्हाळ्यात तंबूचं वरचं पावसाळी आच्छादन काढून नुसती जाळी ठेवा, नाहीतर आत भट्टी होते.

गाडी नसेल तर हिशेब अजून उतरतो. एसटीनं महाड गाठायचं, तिथून पाचाडची किंवा पोलादपूरची गाडी धरायची. मार्च २०२३पासून महिलांना एसटीचं अर्धंच तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. ओळखपत्र सोबत हवं. कोकण रेल्वेनं यायचं तर वीर स्टेशन महाड तालुक्यातच आहे.

ज्यांना तंबू नको, नुसती शांत रात्र हवी, त्यांनी शिवथरघळीचा विचार करावा. समर्थांनी दासबोध इथे सांगितला अशी श्रद्धा आहे. तिथे भक्तांच्या राहण्याची आणि प्रसादाची व्यवस्था असते. ती पर्यटनाची जागा नव्हे, तिथल्या वेळा आणि शिस्त पाळूनच राहावं, आणि निघताना यथाशक्ती देणगी द्यावी.

आता पाणी. या दोन तालुक्यांत पावसाळ्यात इतकं पाणी कोसळतं की महाडची बाजारपेठ बुडते. आणि तरीही एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट पाहतात. उतार तीव्र, खाली कातळ, माती पातळ. पडलेलं पाणी काही तासांत सावित्रीला आणि तिथून बाणकोटच्या खाडीला जातं. वाडीतली बाई भर उन्हात झऱ्याच्या डबक्यापाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरते. आपण तंबूवाले येतो, अंघोळ करतो, भांडी धुतो, पायांवर पाणी ओततो. चार पाहुण्यांनी एका रात्रीत संपवलेलं पाणी म्हणजे तिच्या दोन-तीन खेपा असतात.

एका एप्रिलमध्ये मी मंगळगडावर दोन लिटर पाणी घेऊन चढलो होतो. वरच्या टाक्यात पाणी असेल असं गृहीत धरलं. टाक्यात होता तो हिरवा चिखल. उतरताना जीभ टाळूला चिकटली होती, बोलता येईना. पहिल्याच घरातल्या मावशींनी काही न विचारता ताकाचा तांब्या पुढे केला. नंतर दिसलं, ओट्यावर हंडे पालथे घातलेले होते. त्या दिवसापासून मी पाणी विकत घेऊनच डोंगराकडे जातो.

अमेरिकेत डेथ व्हॅली नावाचं वाळवंटी राष्ट्रीय उद्यान आहे, जगातल्या सर्वांत तप्त जागांपैकी एक. तिथे येणाऱ्याला सांगतात: माणशी दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी बाळगा. आपल्याकडे हवा दमट, घाम अधिक आणि वाळत नाही, म्हणून मार्च ते मे मी तोच आकडा धरतो. चौघांना दीड दिवसाला पिण्यापुरतेच चोवीस लिटर. स्वयंपाक आणि हात-तोंड धुणं धरलं तर वीस लिटरचे दोन जार हवेतच. गाडी जाते तिथवर ते न्या, आणि उरलेलं पाणी यजमानांच्या पिंपात ओतून या. सोबत मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटं ठेवा. अकरा ते चार चालू नका. कुणाला घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत झोपवून अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. रुग्णवाहिका मोफत असते.

उन्हाळ्यातला दुसरा धोका दगडाखाली असतो. लाल विंचवाच्या दंशावरचं जगभर नावाजलेलं काम याच महाड तालुक्यात झालं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, आणि विंचवानं माणसं, विशेषतः मुलं दगावताना त्यांनी पाहिली. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि मृत्यूंचं प्रमाण अगदी खाली आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा आपल्यापुरता अर्थ एवढाच की विंचू चावल्यावर मंत्र-तंत्रात आणि घरगुती लेपात वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. तंबूची जागा झाडून घ्या, दगड हातानं उचलू नका, बूट रात्री तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी आपटून घाला. परसाकडे जाताना विजेरी आणि पायात बूट हवेतच.

पावसाळ्यात या भागात तंबू ठोकू नका, हे मी हात जोडून सांगतो. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही डोंगर खाली आला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांनाही जे टाळता आलं नाही, ते ठाऊक असताना त्या डोंगरांच्या पोटाशी आपण कापडाखाली झोपू नये. जुलै २०२४मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहिले, पर्यटक अडकले आणि गड काही काळ बंद करावा लागला. वरंध घाटही पावसात वरचेवर बंद असतो, पुण्याहून येणाऱ्यांनी निघण्याआधी विचारून घ्यावं. तंबूसाठी खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा झऱ्यांना पाणी असतं आणि पहाटे चादरीवर दव पडतं.

यजमानांना फोन कराल तेव्हा जेवणाचा दर विचारण्याआधी विहिरीला पाणी आहे का ते विचारा. कचऱ्याची पिशवी आपलीच न्या आणि महाडला आणून टाका, वाडीत घंटागाडी येत नाही. आणि पैसे रोख ठेवा. डोंगराच्या पोटात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि पैसे पाठवायला माणसं टेकडीवर चढून उभी राहतात. वाटाड्याचे, जेवणाचे आणि अंगणाचे पैसे वेगवेगळ्या हातांत द्यायचे असतात, तेव्हा शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा महाडच्या स्टँडवरच सुट्या करून घ्या.