इमारतींची तपासणी : प्रकार, टप्पे आणि कायदेशीर चौकट

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबाद शहरातील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्याच शहरातील असंख्य इमारती मात्र उभ्या राहिल्या. हा फरक केवळ जमिनीच्या प्रकारामुळे पडलेला नव्हता. आराखडा, साहित्य आणि देखरेख यांचाही त्यात वाटा होता. इमारतीची सुरक्षितता गृहीत धरता येत नाही, ती वेळोवेळी तपासावी लागते, हा धडा या आपत्तीने दिला.

बांधकामाच्या काळातील तपासणी

पाया, जोते आणि स्लॅब या टप्प्यांवरील तपासणी सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक ठरते. काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्यांची जाडी, अंतर व आवरण पाहावे लागते. नंतर ते डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीटच्या नमुना-घनांची दाबशक्ती साधारणतः ७ व २८ दिवसांनी मोजली जाते. बांधकाम पूर्ण झाल्यावर स्थानिक प्राधिकरण भोगवटा प्रमाणपत्र देते. या कामांसाठी भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता (१९७०, सुधारित आवृत्त्या १९८३, २००५ व २०१६) मार्गदर्शक आहे.

ताबा घेतानाची तपासणी

घर खरेदी करताना मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांची तुलना, तसेच गळती, ओल, तडे, वीजजोडणी आणि सांडपाण्याची व्यवस्था यांची पाहणी आवश्यक असते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनात्मक किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. म्हणूनच ही मुदत संपण्यापूर्वी तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

संरचनात्मक परीक्षण

जुन्या इमारतीचा प्रमुख शत्रू म्हणजे सळ्यांचा गंज. ताज्या काँक्रीटमधील अल्कधर्मी वातावरण लोखंडाचे रक्षण करते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरू लागल्यावर ही अल्कता घटते. किनारी भागात क्षारही सळ्यांपर्यंत पोहोचतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने काँक्रीट आतून फुटते, तडे पडतात व पोपडे निघतात. तडा दिसतो तेव्हा आतील प्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते.

अशा परीक्षणात प्रथम दृश्य पाहणी होते. त्यानंतर काँक्रीट न फोडता चाचण्या घेतल्या जातात : पृष्ठभागाचा कठीणपणा अजमावणारी रिबाउंड हॅमर चाचणी, आतील पोकळ्या व तडे शोधणारी श्राव्यातीत ध्वनिवेग चाचणी आणि गंजाची शक्यता सांगणारी अर्ध-विद्युतघट चाचणी. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन टाकल्यास निरोगी भाग गुलाबी होतो, अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. शंका उरल्यास काँक्रीटचा गाभा कापून प्रयोगशाळेत तपासतात.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा व त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा परीक्षण अपेक्षित आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी बंधनकारक आहे. मुंबईत अहवालानुसार इमारतींचे वर्गीकरण होते : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्यायोग्य, सी-२ए व सी-२बी म्हणजे अनुक्रमे रिकामी करून आणि न करता मोठी दुरुस्ती करावयाची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

हंगामी, आपत्तीनंतरची व सेवाविषयक तपासणी

मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळामार्फत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण होते. भूकंप, पूर, आग वा भूस्खलनानंतर घरात परतण्यापूर्वी जलद दृश्य पाहणी करावी लागते. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडातील जोशीमठ येथे आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्यावर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहणी केली होती.

वीजजोडणी, उद्वाहन व अग्निसुरक्षा यांची तपासणी स्वतंत्र असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते.

अहवालानंतरचा प्रश्न

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत इमारत बांधकामाचे नियमन व अग्निशमन सेवा हे विषय समाविष्ट असल्याने नागरी स्थानिक संस्थांची जबाबदारी मोठी आहे. तरीही २७ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत डॉकयार्ड रोड येथे महापालिकेच्याच मालकीची इमारत कोसळून ६१ जणांचा बळी गेला.

अडचण केवळ तांत्रिक नाही. इमारत धोकादायक ठरताच भाडेकरूला पर्यायी निवारा व हक्क गमावण्याची भीती वाटते. मालक व रहिवासी यांचे अहवाल परस्परविरोधी येतात. मुंबईत असे वाद तांत्रिक सल्लागार समितीकडे सोपविले जातात. भीतीपोटी लोक धोकादायक घरातच राहिले, तर उत्तम अहवालही कागदावरच राहतो. म्हणून तपासणीला दुरुस्तीसाठी अर्थसाह्य, संक्रमण निवास आणि पुनर्वसनाच्या लेखी हमीची जोड मिळणे आवश्यक आहे. तपासणीचा हेतू घर रिकामे करणे हा नसून त्यातील माणसे सुरक्षित ठेवणे हा आहे.