परिग्रहाचे माप

व्यापाऱ्याने साधे राहावे, असा उपदेश आपल्या समाजात वारंवार ऐकावयास मिळतो आणि तो ऐकून कोणी नाराज झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. कारण उघड आहे. साधेपणाचे माप ठरलेले नसल्यामुळे प्रत्येक श्रोता आपण साधेच आहोत असे मानून घरी जातो. धंद्यात असे चालत नाही. पोते 'बरेच भरलेले' आहे एवढ्यावर कोणी दुकानदार पैसे मोजीत नाही. ते काट्यावर चढवावे लागते. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताची रचना ज्यांनी केली, त्यांस ही काट्याची दृष्टी चांगली अवगत होती, असे आमचे नम्र मत आहे.

या व्रताचे नाव परिग्रहपरिमाण. सर्वस्वाचा त्याग मुनींसाठी आहे. गृहस्थाने अमुकच ठेवावे असा आकडा शास्त्राने दिलेला नाही. जे ठेवावयाचे त्याचे प्रमाण त्याने स्वतः आणि आधी ठरवावे, एवढेच सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्रात ज्या वस्तूंचे ठरविलेले प्रमाण ओलांडणे हा या व्रताचा अतिचार म्हटला आहे, त्यांत शेत, घर, सोने, पशुधन यांच्याबरोबर धान्यही आहे. आपला माल तेथे नावानिशी आला आहे, ही गोष्ट आम्हां धान्यवाल्यांनी विसरता कामा नये.

अलीकडच्या काळातील एक थोर उदाहरण सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे आहे. संसारातून मन काढून ते बरीच वर्षे धर्मकार्यात रमले होते. न्यायाने मिळविलेली आपली संपत्ती धर्माच्या व समाजाच्या उन्नतीसाठी खर्चावी, अशी प्रबळ इच्छा त्यांस 1940 साली झाली. परंतु त्यांनी घाई केली नाही. देशभर हिंडून कोणत्या कार्यास हा पैसा लावावा याविषयी त्यांनी जैन विद्वानांची मते समक्ष व लेखी गोळा केली. 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा तीर्थावर त्यांनी विद्वानांची सभा भरविली आणि तीतून 'जैन संस्कृति संरक्षक संघ' स्थापन झाला. प्रथम त्यांनी 30,000 रुपयांचे दान जाहीर केले. पुढे 1944 मध्ये सुमारे 2,00,000 रुपयांची आपली सर्व मालमत्ता ट्रस्ट करून संघास अर्पण केली. 16 जानेवारी 1957 रोजी त्यांनी समाधिमरण साधले. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत डॉ. आ. ने. उपाध्ये व डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ प्रसिद्ध झाला, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. आम्हांस विशेष वाटते ते मधल्या चार वर्षांचे. आधी विचारपूस, मग थोडी रक्कम, मग सर्वस्व. चांगला व्यापारी नवा माल असाच उचलतो.

पण आपण ब्रह्मचारी नाही. आपल्यामागे लेकी-सुना, नातवंडे आणि बँकेचे कर्ज आहे. आम्ही राहतो त्या हळर्णच्या बाजूला तर मोहाचे दिवस आले आहेत. पेडणे तालुक्यात मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले. तेव्हापासून दुकानावर तांदळाचा भाव विचारणाऱ्यांबरोबर जमिनीचे दलालही येऊन बसू लागले. आमच्या चिरंजीवांचे म्हणणे असे की गोदाम गहाण टाकून जमीन घ्यावी. त्यांचे गणित चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते कोठे थांबावयाचे, एवढेच आम्ही विचारतो.

ज्या गावाची जमीन मागावयाची त्या गावाचा इतिहासही विचार करण्याजोगा आहे. शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1746 साली जिंकला. त्या विजयाबद्दल राजाने त्याची पदवीच पालटली आणि तो 'आलोर्नाचा मार्क्विस' झाला. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. ती पदवी वारशाने मिळालेला त्याचा मुलगा राजावरील हल्ल्याच्या प्रकरणात 1758 साली लिस्बनला तुरुंगात पडला, तो 1777 पर्यंत सुटला नाही. आमच्या गावाचे नाव त्या तुरुंगात त्याच्या काय उपयोगी पडले असेल, असा विचार किल्ल्याकडे पाहताना मनात येतो.

माप आपण न ठरविल्यास दुसरा कोणी ठरवितो. 12 जून 2023 रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली; घाऊक व्यापाऱ्यास 3,000 टन. बाजारात केवढी कुरकुर झाली! आमच्यासारख्या लहान घाऊकवाल्यास ती मर्यादा कधीच लागू होणार नव्हती, तरी कुरकुरीत आम्हीही मागे नव्हतो. वास्तविक कोकणच्या पावसाळ्यात घाटावरून आणलेला जादा माल गोदामात ठेवून काय होते हे आपण जाणतो. हवा दमट, पोत्यांत पोरकिडे, आणि रात्रीची झोप नाही.

आता चित्ताच्या परिग्रहाविषयी. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात निष्कारण पाप लावून घेण्याचे, म्हणजे अनर्थदंडाचे, पाच प्रकार सांगितले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. दुसऱ्याच्या नुकसानीचे चिंतन करणे हे अपध्यान; मन गढूळ करणारे ऐकत बसणे ही दुःश्रुती. मोबाइलवर सकाळपासून येणारे निरोप बंधूंनी या दोन नावांखाली वेगळे काढून पाहावेत. बाजारभावाचा निरोप कामाचा असतो, हे आम्ही मान्य करतो. पण भाव पाहावयास उघडलेल्या त्या यंत्रात कोणाची भांडणे आणि कोणाच्या लग्नाची रोषणाई पाहण्यात अर्धा तास जातो, आणि शेवटी भाव पाहावयाचा राहतोच.

सामायिकाचा काळ दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे. पूर्वी घरात नुसती शांतता असे, म्हणून बसणे सोपे होते. आता ती आधी निर्माण करावी लागते. आमच्या घरी मापाच्या कामास न येणारी एक जुनी पायली आहे. दिवेलागणीला सर्वांचे मोबाइल तीत पडतात आणि सामायिक, जेवण होईपर्यंत तेथेच राहतात. प्रारंभी सूनबाईंनाच हे फार जड गेले, कारण माहेरचा फोन त्याच वेळी येई. माहेरच्यांनी वेळ बदलली. गेल्या पावसाळ्यात त्या दोन तासांत डिचोलीच्या एका दुकानदाराची तूरडाळीची मोठी मागणी आमच्या हातून गेली. त्याने दुसरीकडून माल घेतला. नुकसान झाले ते झाले. ते रोजमेळात दिसत नाही, पण आम्हांस ठाऊक आहे. पायली तरीही जागेवर आहे.

दरवर्षी पर्युषणात आम्ही एका कागदावर घरातील सर्वांच्या समक्ष मर्यादा लिहितो: कपड्यांचे जोड किती, दागिने किती, गोदामात पोती किती, वाहने किती. यंदा पोत्यांचा आकडा कमी केला, कपड्यांचा नातवाच्या लग्नामुळे वाढवावा लागला. जमिनीचा रकाना चिरंजीवांनी अद्याप कोरा ठेवला आहे.