जुन्या स्पीकरची जोडी : किती द्यावेत, कशाचे द्यावेत

दिंडोरीकडे जुनं घर पाडून बंगला बांधायला काढला की माळ्यावरून हमखास खाली येणाऱ्या वस्तूंत डेकबरोबरचे दोन लाकडी बॉक्स असतात. मग दोनच मतं निघतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला द्या. दुसऱ्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलेलं असतं. तो म्हणतो, व्हिंटेज माल आहे, पन्नास हजारांच्या खाली सोडू नका. दोघांनीही बॉक्स उघडून पाहिलेला नसतो.

किंमत बॉक्सची नसते. ती आतल्या वूफर-ट्विटरची असते, आणि तीही जोडी जुळत असेल तरच. म्हणून सौद्याआधी मालकाची परवानगी घेऊन पुढची जाळी काढावी, चार स्क्रू सोडवून वूफर बाहेर घ्यावा आणि मॅग्नेटच्या पाठीमागे काय छापलंय ते वाचावं. स्क्रू काढू न देणाऱ्याशी भावाची चर्चाच करू नये.

आपल्याकडे उघडलेल्या बॉक्सांत सापडण्याजोगं मोठं नाव म्हणजे फिलिप्स. कंपनीची पाटी नसलेल्या, सुताराकडून करून घेतलेल्या डब्यांतही फिलिप्सचे युनिट निघतात. त्यांचा क्रमांक वाचायला सोपा आहे. ‘एडी ८०६०/डब्ल्यू८’ म्हणजे ८ इंची वूफर, ८ ओहमचा. ‘एडी १२२००/डब्ल्यू८’ हा १२ इंची. तिरक्या रेघेनंतर ‘टी’ असेल तर ट्विटर, ‘एसक्यू’ असेल तर मधल्या स्वरांचा स्पीकर; शेवटचा आकडा ओहमचा. दोन्ही बॉक्समध्ये हा क्रमांक अक्षरशः सारखा हवा. एका बाजूला मूळ फिलिप्स आणि दुसऱ्या बाजूला दुरुस्तीत बसवलेला भलताच स्पीकर असेल, तर ती जोडी नव्हे. एका स्पीकरचेच पैसे द्या.

कंपनीचे पूर्ण बॉक्स म्हटले की सोनोडाइन (कोलकाता) आणि कॉस्मिक (मुंबई) ही दोन नावं. डॅनिश पीअरलेसचे युनिटही भारतात बनत असत. ते निघाले तर आनंद मानावा. परदेशी माल क्वचित दिसतो. १९९१ पूर्वी आयात शुल्क इतकं होतं की असे बॉक्स बहुधा आखातातून किंवा जहाजावरून परतलेल्या माणसाबरोबरच येत. अमेरिकी युनिटवर आकड्यांचा शिक्का असेल तर तो तारीख सांगतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे (२२० म्हणजे जेन्सन), पुढे वर्षाचा शेवटचा आकडा किंवा दोन आकडे, आणि शेवटचे दोन आठवड्याचे. वयाबद्दल मॅग्नेटही थोडं बोलतो. अल्निको मॅग्नेटमध्ये कोबाल्ट लागतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या झाईर देशातल्या गडबडीने ते महागलं आणि कंपन्या चपट्या, काळ्या फेराइटकडे वळल्या.

आता तब्येत. वूफरच्या कडेची रिंग फोमची असेल तर बोटाने अगदी हलकेच दाबून पाहा. फोम साधारण दहा-वीस वर्षांत कुजतो, वापरा किंवा गुंडाळून ठेवा. भुगा पडला म्हणजे स्पीकर मेला असं नाही, पण नवी रिंग बसवण्याचा खर्च विकणाऱ्याच्या खात्यातून वजा व्हायला हवा. रबरी किंवा कापडी कड जास्त टिकते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय.

दोनतीनशे रुपयांचा मल्टिमीटर बरोबर ठेवा. ८ ओहमच्या वूफरवर सहाच्या आसपास आकडा येतो, ४ ओहमच्या वूफरवर तीन-साडेतीन. काहीच आलं नाही तर कॉइल तुटलेली. पण मागच्या टर्मिनलवर मोजून समाधान मानू नका. ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, त्यामुळे तिथे फक्त वूफर मोजला जातो आणि मेलेला ट्विटर लपून राहतो. त्याची एक वायर सोडवून तो वेगळा मोजा. गाणं लावून दाखवलं तर ट्विटरला कान लावायला लाजू नका. वूफर दणदणत असला की माणूस ट्विटर विसरतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

आपल्या तालुक्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. बॉक्स घरात होते की औषधांच्या खोलीत? द्राक्षांवरच्या भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाशेजारी वर्षानुवर्षं राहिलेली तांब्याची टोकं काळी पडतात. ती घासून साफ होतात. भुसा-बोर्डाचा डबा मात्र ओलीने फुगला की पुन्हा बसत नाही. मागच्या गोल भोकात टॉर्च मारा, उंदराने घरटं केलेलं असू शकतं.

भावाचं म्हणाल तर माझी मर्यादा सांगतो; हा बाजारभाव नव्हे. लोकल युनिटचे, नाव नसलेले बॉक्स चालू असतील तर हजार-दीड हजार. फिलिप्स किंवा पीअरलेसची जुळती, मूळ जोडी चार-पाच हजार. सोनोडाइन किंवा कॉस्मिकचे धड, आत काही न बदललेले बॉक्स आठ हजारांपर्यंत. यातून दुरुस्ती वजा करायची. फोम रिंग आणि मजुरी धरून दोन वूफरचे दीड-दोन हजार धरा. जुने नॉन-पोलर कपॅसिटर बदलणं काही शेकड्यांत होतं. कॉइल जळालेली असेल तर मी सहसा सौदा सोडतो, कारण नव्या कोनने आवाज बदलतो आणि दुसऱ्या स्पीकरचाही कोन बदलावा लागतो.

जेबीएल, टॅनॉय, एआर अशी नावं निघाली तर गावातल्या अंदाजावर जाऊ नका. परदेशात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या जोडीचा भाव पाहा. मागितलेला भाव पाहून उपयोग नाही. बीबीसीने आखलेला छोटासा ‘एलएस३/५ए’ तिकडे जोडीला हजार पौंडांच्या वर जातो. त्यात १५ ओहमचा जुना आणि १९८७ नंतरचा ११ ओहमचा असा भेद आहे, आणि जोडीचे सीरियल नंबर जुळणं महत्त्वाचं. यामाहाच्या १९७४च्या ‘एनएस-१०००एम’मध्ये मधल्या स्वरांचे आणि ट्विटरचे घुमट बेरिलियमचे आहेत, फुटल्यास त्याची धूळ विषारी, म्हणून बोट लावू नका.

दोन गोष्टींना भुलू नका. ‘१००० वॅट पीएमपीओ’ असलं लेबल हे जुनेपणाचं नव्हे, नव्वदीतल्या जाहिरातबाजीचं लक्षण आहे. खरा आकडा आरएमएसचा. दुसरं, सभा-मंडपाचे स्पीकर. नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचे ‘शिकागो रेडिओ’ कर्णे गांधी-नेहरूंच्या सभांत वाजले. असा कर्णा मिळाला तर संग्रहासाठी जरूर घ्या, पण तो हाय-फाय नाही. आहुजाच्या कॉलम स्पीकरमध्ये बहुधा १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असतो. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्यावर आवाज दबका आला तर स्पीकर खराब झाला असं समजून फुकटात देऊ नका. विकत घेत असाल तर घरासाठी घेऊ नका.

फोम आणि सुटे भाग नाशिकला मिळाले नाहीत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. जाताना अख्खा बॉक्स नेऊ नका. वूफर काढून, कोनवर पुठ्ठ्याचं झाकण बांधून, मॅग्नेट खाली ठेवून न्या. काढण्याआधी कोणती वायर लाल खुणेच्या टोकाला होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा. बसवताना उलटी जोडली तर दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलतात आणि खर्च करून आणलेला बासच गायब होतो.