घरशाळा उघडण्याआधी: ख्रिस्ती आईबापांना कानमंत्र

पोरांनो, मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावं असं तुमच्या मनात आलंय. मंडळीत यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. कुणी म्हणतं, मुलं देवाने आईबापांच्या हवाली केली आहेत, मग दुसऱ्याच्या हाती का द्यायची? कुणी म्हणतं, पिंपळगाव बसवंतात एवढ्या शाळा असताना हा खटाटोप कशाला? माझी हयात वर्गात आणि रविवारच्या शाळेत गेली, म्हणून आधी माझं मत सांगते. घरी शिकवणं उत्तम होऊ शकतं. मात्र ते आईबापांच्या रोजच्या शिस्तीवर उभं राहतं. नुसत्या उत्साहावर दिवाळीपर्यंतही टिकत नाही. पुढे सांगते ते जमणार असेल तरच हात घाला.

आधी कारण तपासा

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर ठसवायला सांगितली आहेत. कुठे? घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं पौल लिहितो. कॅथलिक मंडळींसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच सांगितलं की आईबाप हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक. म्हणजे मूल शाळेत जावो की न जावो, ही जबाबदारी तुमचीच आहे.

घरी शिकवण्याची चांगली कारणं आहेत. मुलाला स्वतःच्या वेगाने शिकता यावं, मराठी पक्की व्हावी, प्रार्थना आणि अभ्यास एकाच दिवसात गुंफले जावेत, मूल वर्गात मागे पडून खचलं असेल तर सावरावं. वाईट कारणंही आहेत. शाळेत इतर जातिधर्मांची मुलं असतात म्हणून घरी ठेवायचं, फी वाचवायची, द्राक्षाच्या हंगामात हाताशी माणूस हवं, किंवा मुलगी घरात धाकट्याला सांभाळेल. यांतलं एकही कारण मनात असेल तर मुलाला शाळेत घाला. चौदा वर्षांखालच्या मुलाकडून मजुरी करून घेणं गुन्हा आहे, आणि घरच्या शेतातली मदतही शिक्षणाच्या आड येता कामा नये.

आपल्याच मातीतल्या दोन बाया

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्या शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या माउलीने, लक्ष्मीबाईंनी, लेकीला पहाटे घरकामाआधी बसवून शिकवलं. यात्रेच्या वाटेवर, मुक्कामाच्या जागी शिकवणं चालूच राहिलं. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी याच मुलीला ‘सरस्वती’ पदवी दिली. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली तिने मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथल्या बायकामुलींना अक्षरांबरोबर शेती, विणकाम आणि छपाई शिकवली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून तिने केलेलं मराठी बायबल तिच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झालं. आईने घरात पहाटे दिलेला तास किती दूर पोचतो ते यातून समजून घ्या.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. शाळा पाहिली नाही. लग्नानंतर नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, अक्षरओळख करून दिली. त्याच बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. सूनबाई, ‘माझं शिक्षण थोडं, मी काय शिकवू?’ असं तू म्हणतेस. मुलाबरोबर शिकणारी आई मला चालेल. शिकायचं थांबवलेली आई मात्र चालणार नाही, मग ती पदवीधर का असेना.

कायदा आणि कागद

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं कलम १० सांगतं. दाखल न केल्याबद्दल पालकाला दंड मात्र त्यात लिहिलेला नाही. तीव्र वा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला. बाकीच्या मुलांच्या घरशिक्षणाबद्दल कायदा गप्प आहे. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयापुढे केंद्र सरकारने भूमिका मांडली की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांनी तसं करायला हरकत नाही. तेव्हा चोरी केल्यासारखं वागू नका आणि कायद्याचं पाठबळ आहे असा तोराही मिरवू नका. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीला शिक्षक दारात आले तर त्यांना बसवा, चहा द्या, मुलाच्या वह्या पुढे ठेवा.

मंडळीतली दहा मुलं गोळा करून रोज वर्ग भरवू नका. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर कलम १८ नुसार एक लाखापर्यंत दंड होतो. आपल्या घरात आपली मुलं, एवढंच ठेवा.

महाराष्ट्रात कुठलंही काम अडलं की आधी शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जन्मतारखेला तोच, जातीच्या दाखल्याला तोच. म्हणून ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड आणि वाडवडिलांचे जुने दाखले एका फाइलमध्ये ठेवा. आधार आणि जन्मदाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघा. बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र मंडळीच्या कामाचं. सरकारी कामाला जन्मदाखलाच लागतो.

दहावीचा रस्ता आजच ठरवा

तीन वाटा आहेत. पहिली, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. लहानांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन स्तर आहेत; दहावीसाठी वय चौदा पूर्ण हवं. पाच विषय घ्यायचे, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे मूल एकेक विषय करून पुढे जाऊ शकतं. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. तिथे पाचवी आणि आठवीच्या तोडीच्याही परीक्षा आहेत. तिसरी, बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणून ही वाट धरायची तर पाचवीपर्यंत शाळेत शिकलेलं बरं. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर मुलाचं वर्ष घालवू नका.

दिवस कसा लावायचा

सकाळी प्रार्थना, एक स्तोत्र, मग ‘उपासना संगीता’तलं एक गीत. दहा-पंधरा मिनिटं पुरे. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत. रोज एक वाचला की महिन्यात पुस्तक होतं. मार्काचे अध्याय सोळाच, लहान मुलांची सुरुवात तिथून करा. मुलाला गोष्ट स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावा. जे परत सांगता आलं ते कळलं.

एक गोष्ट कधीच करू नका. चूक झाली म्हणून वचनं शंभरदा लिहायला लावू नका. ज्या मुलाला शिक्षा म्हणून शास्त्र मिळतं, ते मोठेपणी शास्त्राला हात लावत नाही.

प्रार्थनेनंतर डोकं ताजं असताना गणित, मग मराठी, मग इंग्रजी. पहिली-दुसरीच्या मुलाला बसून दीड-दोन तास पुष्कळ झाले. पाचवीपुढे तीन-चार तास. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. परदेशी ख्रिस्ती अभ्यासक्रमांवर पैसे घालण्याआधी तीच नीट शिकवा, कारण परीक्षा इथली द्यायची आहे. विज्ञानाला घाबरू नका. मुलाने विश्वासाबद्दल अवघड प्रश्न विचारला तर गप्प करू नका; उत्तर येत नसेल तर ‘पाळकसाहेबांना विचारू’ म्हणा आणि खरंच विचारा.

लहान वयात धीर धरा. तुम्ही द्राक्षवाले आहात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत घड दिसत नाही, नुसती काडी वाढते. पण घड त्या काडीच्या डोळ्यात तेव्हाच तयार होतो आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बाहेर येतो. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मुलाची काडी भरू द्या: गोष्टी, गाणी, पाढे, मातीत खेळणं, मोठ्याने वाचून दाखवणं. शेजारचं मूल इंग्रजी कविता म्हणतं म्हणून आपल्याला घाई लावू नका.

गाव हीच प्रयोगशाळा

गणित बाजार समितीत शिकवा. २५ क्विंटल ४० किलो कांदा, भाव क्विंटलला १,३५० रुपये, तर रक्कम किती? ३४,२९० रुपये. त्यातून हमाली-तोलाई वजा करून पट्टीशी ताळा घ्यायला लावा. टोमॅटोचा २० किलोचा क्रेट, त्यावरून एका किलोचा भाव. शेताचं माप: गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट; असे चाळीस म्हणजे एकर. दोरी घेऊन मुलाला बांधावर न्या आणि मोजू द्या.

निफाड तालुक्याची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा हिवाळ्यात पेपरात येतो. घरच्या तापमापकावर रोज पहाटे नोंद करा, त्या आकड्याशी ताडून पाहा, आलेख काढा. नांदूरमध्यमेश्वर आपल्याच तालुक्यात. गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावर हिवाळ्यात दुरून पक्षी येतात. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा ती. दुर्बीण आणि वही घेऊन जा.

इतिहासासाठी नाशिकला शरणपूर. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंगस्टनचं पार्थिव घेऊन इंग्लंडला गेला. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, सभासद व्हा. आणि कुसुमाग्रजांचं प्राथमिक शिक्षण आपल्या पिंपळगावात झालं, हे मुलाला माहीत असायलाच हवं. २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीला, मुलाकडून दहा ओळी तरी लिहून घ्या.

मुलाला एकटं पाडू नका

आपली घरं गावात थोडी. मूल फक्त मंडळीच्या चार मुलांत वाढलं तर मोठेपणी चौकात बोलायला बिचकेल. रोज संध्याकाळी गल्लीत कबड्डी, क्रिकेट, सायकल. शेजाऱ्याच्या पोळ्याला जाऊ द्या, ईदला जाऊ द्या, नाताळात त्या सगळ्यांना घरी बोलवा. प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलं. शेजारीच माहीत नसला तर प्रीती करणार कुणावर?

सगळा भार सूनबाईवर टाकू नकोस, लेका. एक विषय तुझा. गणित घे किंवा विज्ञान घे, पण रोज घे. लिलाव असला तरी रात्री अर्धा तास. रविवारी शिकवणं बंद, तिला विश्रांती. आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखे तास, सारखी पुस्तकं, सारखी भांडी घासायची पाळी.

बाहेरचा डोळा ठेवा

दर तीन महिन्यांनी नात्याबाहेरच्या निवृत्त शिक्षकाकडून मुलाचं वाचन, लेखन आणि गणित तपासून घ्या. आईला आपल्या लेकराची चूक लवकर दिसत नाही. तारीख घातलेल्या वह्या जपून ठेवा. मूल आठ वर्षांचं झालं तरी सोपा उतारा वाचत नसेल, माणसं पाहून लपत असेल, घरात रोज रडारड होत असेल, किंवा आठवड्यातले तीन दिवस अभ्यासच होत नसेल, तर सरळ शाळेत न्या. शिक्षण हक्काच्या कायद्यातल्या कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्कही आहे. शाळेत पाठवणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असं मनात आणू नका. बऱ्याच घरांना हाच मार्ग योग्य: दिवसा गावातली शाळा, सकाळ-संध्याकाळ घरची.

तुम्हा दोघांना माझं सांगणं एवढंच. या जूनपासून एक वर्ष करून पाहा. मार्चमध्ये बाहेरच्या माणसाकडून परीक्षा घ्या. मूल वाचतंय, प्रश्न विचारतंय, आनंदाने प्रार्थनेला बसतंय आणि गल्लीत मिसळतंय, तर पुढचं वर्ष धरा. नाहीतर पुढच्या जूनमध्ये शाळेत घाला. निर्णय दरवर्षी मुलाच्या भल्यावर करा, आपल्या शब्दाच्या अभिमानावर करू नका.