रोहित्र आणि दूरचे कर्णे

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातील हे स्थळ त्या वेळी मध्य प्रदेशात होते. २००० सालापासून ते छत्तीसगड राज्यात आहे. अशा कारखान्यात झोतभट्ट्या, कोकभट्ट्या व लाटण गिरण्या दूरदूर पसरलेल्या असतात, आणि यंत्रांच्या घरघरीत शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड बऱ्याच प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्याच कारखान्यातील वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला. डोळे आणि नाक ज्याची वर्दी देत नाहीत, त्याची वर्दी कानांना मिळाली पाहिजे. म्हणून दूरच्या कर्ण्यापर्यंत आवाज पोहोचविणे ही केवळ सोयीची बाब नव्हे.

विवर्धकातून निघालेल्या शक्तीतील काही वाटा वाटेतली तार घेते. तो किती असतो, हे उदाहरणाने पाहू. विवर्धक १०० वॅटचा आहे, कर्ण्यांचा एकत्रित संरोध ८ ओहम आहे, आणि अंतर ५०० मीटर आहे असे समजा. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध जाऊन-येऊन सुमारे १२ ओहम भरतो. म्हणजे कर्ण्यांपेक्षा तारच भारी! विवर्धकाचा दाब येथे सुमारे २८ व्होल्ट असतो. त्यातून कर्ण्यांना जेमतेम १६ वॅट मिळतात, आणि २४ वॅट तार तापविण्यात जातात.

यावरील उपाय वीजकेंद्रांनी पूर्वीच शोधलेला आहे. दाब वाढविला की तितक्याच शक्तीला प्रवाह कमी लागतो, आणि तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. विवर्धकाजवळ बसविलेले रोहित्र २८ व्होल्टचे १०० व्होल्ट करते. त्यासाठी दुय्यम गुंडाळीचे वेढे प्राथमिकेच्या सुमारे साडेतीन पट असावे लागतात. साडेतीन अँपिअरचा प्रवाह आता एक अँपिअरवर येतो, आणि त्याच तारेतून जवळजवळ ८० वॅट कर्ण्यांना मिळतात. अमेरिकेत १०० ऐवजी ७० व्होल्टची प्रथा आहे, तत्त्व तेच.

प्रत्येक कर्ण्याजवळ दाब उतरविणारे छोटे रोहित्र लागते. त्याच्या प्राथमिक गुंडाळीला ५, १०, २० वॅट अशा खुणांची टोके असतात. १० वॅटचे टोक १०० व्होल्टच्या तारेला १,००० ओहम दिसते. सर्व कर्णे अनेकसरी जोडणीत जोडावयाचे असल्यामुळे हिशेब सोपा होतो: वॅटांची बेरीज करावी, ती विवर्धकाच्या शक्तीहून कमी ठेवावी. दहा वॅटांचे आठ कर्णे १०० वॅटच्या विवर्धकाला सुखाने चालतात. उरलेले २० वॅट वाया गेले असे मानू नये.

जोडणी करताना विवर्धक बंद असावा, कारण १०० व्होल्टचा धक्का क्षुल्लक नसतो. विवर्धक निर्वात नलिकांचा असेल, तर तो भाराशिवाय कधीही चालवू नये. त्याच्या निर्गम रोहित्रात अतिउच्च दाब निर्माण होऊन आवरण फुटते. तारेची तपासणी साध्या ओहममापकाने केली, तर तो गुंडाळीतील तांब्याचा एकदिश रोधच दाखवितो, आणि नवख्याला तार आखूडमंडलित झाल्याचा भास होतो. संरोध प्रत्यावर्ती प्रवाहानेच मोजावा लागतो. आठ कर्ण्यांच्या वरील तारेवर तो १२५ ओहमच्या आसपास आला पाहिजे. तो फारच कमी आला, तर एखाद्या कर्ण्याचे टोक चुकले आहे असे समजून प्रत्येक पेटी उघडून पाहावी.

या रचनेतील एक उणीव मात्र धोक्याची आहे. एका पेटीत पाणी शिरून दोन तारा एकमेकींस चिकटल्या, तर त्या तारेवरचे सगळेच कर्णे मुके होतात. म्हणून जेथे इशारा द्यावयाचा असतो, तेथे दोन विवर्धक व दोन स्वतंत्र तारा घेऊन कर्णे आलटून-पालटून जोडतात. एक तार निकामी झाली, तरी प्रत्येक विभागात एकाआड एक कर्णा बोलत राहतो.