मोटारीचें इंजिन तापतें तेव्हां

बैलाच्या कानाला हात लावून त्याचा ताप ओळखणारा शेतकरी, मोटारीचा कांटा लाल रेघेकडे सरकला कीं मात्र गांगरतो, व घाईंत रेडिएटरचें झांकण उघडून हात भाजून घेतो. बंद रेडिएटरांत सुमारें एका वातावरणाइतका जादा दाब असतो. त्यामुळें आंतील पाणी १०० अंश सेंटिग्रेडला न उकळतां सुमारें १२० अंशांस उकळतें. झांकण निघतांच दाब जातो आणि त्याच पाण्याची वाफ होऊन तें अंगावर उसळतें. म्हणून गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें, व वरची नळी हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत झांकणास शिवूं नये. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचें भय असतें.

कारागिराकडे जाण्यापूर्वीं, इंजिन नेमकें केव्हां तापतें तेवढें पाहावें, असें आमचें मत आहे. बाजाराच्या गर्दींत तापत असेल व मोकळ्या रस्त्यास लागतांच निवत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा. पंखा विजेचा असल्यास फ्यूज व रिले पाहावे. पट्ट्यावर फिरणारा असल्यास पट्टा सैल झाला आहे काय तें पाहावें. विजेचा पंखा इंजिन बंद असतांही अकस्मात् फिरूं लागतो, हें हात घालण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें.

उलट सपाटीवर ठीक, आणि घाटांत भरल्या गाडीनें तापत असेल, तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घ्यावा. गेल्या वैशाखांत कसाऱ्याचा घाट चढतांना आम्हांस हाच अनुभव आला. एका कारागिरानें थर्मोस्टॅटच काढून टाकला. महिन्याभरांत पुन्हां तेंच. अखेर एअरकंडिशनरची जाळी सोडवून पाहिली, तों तिच्या व रेडिएटरच्या मध्यें धूळ, भुसा व किडे यांचा थर घट्ट बसलेला! इंजिनाच्या बाजूनें बाहेर, हलक्या धारेनें धुतांच काम झालें. थर्मोस्टॅट मात्र नवा घ्यावा लागला. त्यावांचून इंजिन बराच वेळ थंड राहतें, इंधन अधिक जाळतें व लवकर झिजतें. त्याची परीक्षा घरींच होते. पातेल्यांत पाणी तापवून त्यांत तो सोडावा. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडूं लागतात. पाणी उकळूनही न उघडल्यास बदलावा.

आंतून तुंबण्यास बहुधा आपलें बोअरचें पाणी कारण होतें. हंड्याच्या बुडाशीं बसतात तसे त्यांतील क्षार बारीक नळ्यांत बसतात. बॅटरींत घालतात तें पाणी व कूलंट, कारखान्यानें सांगितलेल्या प्रमाणांत, बहुधा निम्मेंनिम्म, वापरावें.

जमिनीवर थेंबही न गळतां पाणी उणें होत असेल, धुराड्यांतून पांढरा धूर सतत येत असेल, किंवा इंजिनाचें ऑइल दुधाच्या चहासारखें दिसत असेल, तर हेडची गॅस्केट गेली असण्याचा संभव फार. अशा वेळीं पाणी भरभरून गांव गांठूं नये. तेवढ्या वाटेंत हेड वांकतें, व गॅस्केटचा खर्च हेडवर जातो. गाडी ओढूनच आणावी.